झुडपी जंगल आणि विसरलेला प्रांत

२०२५ च्या मे महिन्याच्या शेवटी मी भंडारा जिल्ह्यात मामाच्या गावी होतो. संध्याकाळी समाजमंदिराच्या ओट्यावर पंधरा-वीस माणसे जमली होती. मधोमध तलाठी बसले होते. आमच्याकडे त्यांना अजूनही पटवारीच म्हणतात. एक बाई प्लास्टिकच्या पिशवीत घरटॅक्सच्या पावत्या घेऊन आल्या होत्या. घरकुल मिळालेले, विजेचे मीटर लागलेले, नळ आलेला. त्या म्हणाल्या, “मी पस्तीस वर्षांपासून टॅक्स भरून राहिली, भाऊ. मग माझं घर जंगलात कसं गेलं?” पटवारी म्हणाले, “कागदावर झुडपी जंगल लिहिलं आहे, बाई.” “कोणी लिहिलं?” त्यावर त्यांनी खांदे उडवले नाहीत की आवाजही चढवला नाही. प्रामाणिकपणे म्हणाले, “ते जुनंच आहे.”

‘जुनंच आहे’ हे उत्तर तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही. किती जुने? कोणाच्या राज्यातले? कशासाठी लिहिलेले? त्या ओट्यावर एकालाही सांगता आले नाही, मलाही नाही. आणि ज्या राज्याचे आपण नागरिक आहोत त्या राज्याच्या शाळेत, प्रशिक्षण वर्गात किंवा स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकातही हे कुणी नीट सांगत नाही.

प्रसंग आला होता सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे. २२ मे २०२५ रोजी न्यायालयाने ठरवले की नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत महसुली कागदांवर ‘झुडपी जंगल’ म्हणून नोंदलेल्या जमिनी वनजमिनीच समजल्या जातील. वादातले क्षेत्र ८६ हजार ४०९ हेक्टर. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने ज्या जमिनी दिल्या, त्यांच्यासाठी केंद्राची मंजुरी घेऊन मार्ग काढण्याची सोय न्यायालयाने ठेवली. त्यानंतरच्यांचे मात्र कठीण आहे. त्या जमिनींवर आज घरे, शाळा, दवाखाने, स्मशाने, सरकारी इमारती उभ्या आहेत. जंगल वाचले पाहिजे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण हा वाद इतकी वर्षे का चिघळला, महसूल खाते एक म्हणत राहिले आणि वन खाते दुसरे, याचे मूळ शोधायला गेले की आपण एका अशा सरकारच्या दारात येऊन थांबतो ज्याचे नावही नव्या पिढीला माहीत नाही. ते सरकार म्हणजे मध्य प्रांत व वऱ्हाड, जुन्या माणसांच्या तोंडी ‘सीपी अँड बेरार’.

माझे म्हणणे एवढेच आहे : महाराष्ट्राने या प्रांताची जमीन घेतली, माणसे घेतली, तलाव आणि जंगले घेतली, पण त्याच्या राज्यकारभाराचा इतिहास आपला म्हणून घेतला नाही. आणि त्याची किंमत आजही गावे मोजत आहेत.

आपल्या पाठ्यपुस्तकातला इंग्रजी अंमल म्हणजे मुंबई इलाखा. १८१८ ला पेशवाई बुडाली, एल्फिन्स्टन आला, रयतवारी आली, मग पुणे आणि मुंबई. नागपूरला १८१८ नंतरही भोसल्यांचे राज्य होते. तिसरे रघुजी ११ डिसेंबर १८५३ रोजी निपुत्रिक वारले, डलहौसीने दत्तक मानला नाही आणि १८५४ मध्ये राज्य खालसा केले. १८६१ च्या नोव्हेंबरात या मुलखाला उत्तरेकडचा सागर-नर्मदा प्रदेश जोडून ‘मध्य प्रांत’ उभा राहिला. राजधानी नागपूर. जबलपूर, होशंगाबाद, रायपूर, बिलासपूर, चांदा (आजचे चंद्रपूर), भंडारा, सगळे एका चीफ कमिशनरच्या हाताखाली. मुंबईच्या गव्हर्नरचा इथे काही संबंध नव्हता. चांद्याच्या रयतेला मुंबई जितकी परकी होती तितकीच मद्रास.

या प्रांताची घडी बसवली ती रिचर्ड टेंपलने, १८६२ ते १८६७ या काळात. हाच टेंपल पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला, आणि १८७७ च्या दुष्काळात मजुरांना अर्धपोटी ठेवणारी मजुरी त्याच्याच नावाने ओळखली जाते. म्हणून मुंबईकडच्या इतिहासात तो भेटतो. पण त्याचा सर्वांत टिकाऊ परिणाम ज्या गावांवर झाला त्या गावांना तो ठाऊक नाही. भोसल्यांच्या काळात गावचा पाटील किंवा मालगुजार हा सारा गोळा करून भरणारा माणूस होता. सरकारला वाटले तर त्याला काढून दुसरा नेमता येई. इंग्रजांनी १८६० च्या दशकातल्या बंदोबस्तात, म्हणजे जमिनीची नोंद करून सारा ठरवताना, याच माणसाला गावाचा मालक केले. मालकी म्हणजे नुसत्या शेतांची नाही. पडीक जमीन, गावाच्या शिवेतले जंगल, तलाव, आंबराई हे सारे त्याच्या नावावर गेले. पुणे-साताऱ्याकडे शेतकरी थेट सरकारला सारा भरत होता. इकडे त्याच्या आणि सरकारच्या मध्ये मालगुजार उभा राहिला.

पण गाव जंगलावाचून जगत नाही. नांगराला लाकूड लागते, कुडाला काट्या लागतात, चुलीला सरपण, गुरांना चारा, मेलेल्याला जाळायला लाकडे. गावकऱ्यांचा हा वापराचा हक्क बंदोबस्ताच्या वेळी लिहून घेतला गेला. ज्या कागदात तो लिहिला त्याचे नाव ‘वाजिब-उल-अर्ज’, आणि त्या हक्काचे नाव ‘निस्तार’. आमच्या आजीच्या तोंडात हा शब्द रोज असे. “त्या बोडीचं पाणी निस्तारापुरतं आहे” म्हणजे धुण्याभांड्याला, गुराढोरांना चालते, पिण्याला नाही. मुंबई इलाख्यातून आलेल्या अधिकाऱ्याला हा शब्द कळत नाही. कायद्याच्या पुस्तकात मात्र तो आहे. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत निस्तार पत्रकाची तरतूद आहे, आणि ती फक्त विदर्भापुरती आहे. एका राज्याच्या एका कायद्यात एका विभागासाठी वेगळी कलमे का लिहावी लागली, हे विचारले की मध्य प्रांताचा इतिहास सांगण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

आता ‘झुडपी’कडे येतो. स्वातंत्र्यानंतर प्रांताच्या विधिमंडळाने मालगुजारी मोडली. १९५० चा तो कायदा ३१ मार्च १९५१ पासून लागू झाला. त्याला मालगुजार-जमीनदारांनी दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने १९५२ मध्ये फेटाळले. मालगुजाराच्या कसणुकीतली जमीन त्याच्याकडे राहिली. बाकी पडीक, जंगल, गायरान सरकारजमा झाले. मग गावोगाव पटवाऱ्यांनी या जमिनींची वर्गवारी केली आणि निस्तार पत्रके तयार केली : इथे चराई, इथे सरपण, इथे खळे, इथे स्मशान, इथे आबादी म्हणजे वस्ती वाढायला जागा. मोठी झाडे असलेले ते मोठ्या झाडांचे जंगल, आणि जिथे खुरटी झुडपे, काटे, मुरूम, ते ‘झुडपी जंगल’. त्याच प्रांताच्या हिंदी जिल्ह्यांतल्या कागदांवर ‘बड़े झाड़ का जंगल’ आणि ‘छोटे झाड़ का जंगल’ असे शब्द आहेत, आणि आज मध्य प्रदेश-छत्तीसगडमध्ये त्या शब्दांवरून असेच वाद चालू आहेत. गोंदिया आणि बालाघाट यांच्यात आज राज्याची सीमा आहे. कागद एकाच हाताने लिहिलेला आहे.

म्हणजे ‘झुडपी जंगल’ हे त्या पटवाऱ्याच्या दृष्टीने जमिनीचे वर्णन होते. गावाच्या वापरासाठी राखून ठेवलेली, नांगराला निरुपयोगी जमीन. त्यात ‘जंगल’ हा शब्द होता खरा, पण त्या शब्दाला तेव्हा आजचे वजन नव्हते. १९८० चा वनसंवर्धन कायदा आला, १२ डिसेंबर १९९६ चा सर्वोच्च न्यायालयाचा गोदावर्मन प्रकरणातला आदेश आला, आणि जे कागदावर जंगल म्हणून नोंदले आहे ते जंगल, मग त्यावर झाड असो वा नसो, असा अर्थ पक्का झाला. तोपर्यंत त्या जमिनींवर सरकारने स्वतःच शाळा बांधल्या होत्या, पट्टे दिले होते. कायद्याने जंगलाची व्याप्ती वाढवली हे योग्यच होते. परंतु ज्या राज्याकडे हे लाखो कागद होते, त्याने १९६० पासून १९८० पर्यंतच्या वीस वर्षांत एकदा बसून ‘हे नेमके काय आहे, कुठे खरे जंगल आहे आणि कुठे गावाचे गुरचरण’ हे निकालात काढायला हवे होते. ते झाले नाही. माझ्या मते याचे मोठे कारण हेच की मुंबईत बसलेल्या यंत्रणेला हे कागद आपल्या कारभाराचा भाग वाटलेच नाहीत. ते ‘जुनंच’ राहिले.

वऱ्हाडची गोष्ट आणखी वेगळी. अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ हा भाग निजामाचा. १८५३ च्या तहाने तो इंग्रजांच्या ताब्यात गेला, ‘हैदराबाद कंटिंजंट’ या फौजेच्या खर्चापोटी. पन्नास वर्षे हैदराबादच्या रेसिडेंटमार्फत त्याचा कारभार चालला. १९०२ मध्ये कर्झनने निजामाकडून वर्षाला २५ लाख रुपयांच्या भाड्यावर तो कायमचा घेतला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला. कायद्याने मात्र तो निजामाचाच मुलूख राहिला. त्यामुळे पुढे प्रांताच्या कौन्सिलात, म्हणजे विधिमंडळात, वऱ्हाडचे लोक मते देऊन प्रतिनिधी निवडत, पण कागदोपत्री सरकारने त्यांना ‘नेमावे’ लागे. १९३६ च्या करारानंतर निजामाच्या किताबात ‘हैदराबाद आणि बेरार’ असे आले आणि त्याच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ म्हणू लागले. अमरावतीच्या बाजारात कापूस विकणाऱ्या कुणब्याचा युवराज हैदराबादेत राहत होता!

वऱ्हाडात जमीनमहसुलाची पद्धत मुंबईसारखी, रयतवारी. त्यामुळे तिकडे मालगुजार नाही आणि ‘झुडपी’ही नाही. तिकडे गावच्या चराईच्या जमिनीला आजही ‘ई-क्लास’ म्हणतात. पश्चिम महाराष्ट्रात त्याच स्वरूपाची जमीन गायरान, अकोल्यात ई-क्लास, भंडाऱ्यात झुडपी. तीन शब्द, आणि त्यामागे तीन सरकारे. आज एकाच मंत्रालयातून तिघांनाही एक परिपत्रक जाते, आणि मग अकोल्याच्या गावाला जे सहज मिळते ते भंडाऱ्याच्या गावाला का मिळत नाही हे कुणाला उमगत नाही.

तलावांबद्दल थोडे थांबून सांगायला हवे, कारण इथे नुकसान डोळ्यांना दिसते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात सहा हजारांहून अधिक जुने तलाव आहेत. लोक त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात. हा मामा म्हणजे नात्यातला नव्हे, ‘माजी मालगुजारी’चे ते लघुरूप. तलाव मालगुजारांच्याही आधीचे. गोंडराजांच्या काळात ज्याने जंगल तोडून तलाव बांधला त्याला त्याखालची जमीन मिळे, आणि कोहळी समाजाने या कामात पिढ्या घालवल्या. नवेगाव बांधचा तलाव कोलू पाटील कोहळीने बांधला हे आमच्याकडे लहान मुलेही सांगतात. उतारावर एकाखाली एक तलाव, वरच्याचे पाणी खालच्यात, आणि शेवटी धानाच्या बांधीत. मालगुजारीत या तलावाची मालकी एका माणसाकडे गेली, पण पाणी कोणाला आधी, पाळीला माती कोणी टाकायची, सांडवा कोणी पाहायचा, हे गावाच्या रिवाजाने ठरलेले होते आणि वाजिब-उल-अर्जमध्ये लिहिलेले होते. माझे आजोबा सांगत की पावसाळ्याआधी प्रत्येक घरचा एक माणूस पाळीवर जात असे. न गेल्यास दंड होता. त्यात बेगारीचा अंश होता, मालगुजाराची दांडगाईही होती, ते मी लपवणार नाही. तरी पाळ टिकत होती.

१९५१ ला तलाव सरकारचे झाले. मालगुजार गेला, हे चांगलेच झाले. पण त्याच्याबरोबर गावाचा रिवाजही निघून गेला, कारण मालक बदलताना तो कुणी उचललाच नाही. पुढे महाराष्ट्रात लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आणि मोठे पाटबंधारे खात्याकडे वाटले गेले. पाणीपट्टीवरून भांडणे झाली : आमच्या पूर्वजांनी बांधलेल्या तलावाचे पाणी, त्याचे पैसे कसले? हा प्रश्न पुण्याच्या कालव्यावरच्या अधिकाऱ्याला हेकटपणा वाटला असेल. पण बंदोबस्ताच्या कागदात तो गावकऱ्यांचा नोंदलेला हक्क होता. मामाच्या गावच्या तलावाची पाळ आज तीन ठिकाणी खचली आहे. पोटात बेशरमीची झाडी माजली आहे. गाळपेरात अतिक्रमण आहे. ढिवरांची मासेमारी संस्था, शेतकरी आणि जिल्हा परिषद तिघे तीन दिशांना ओढतात. गाळ काढण्याचे पैसे येतात, माती निघते, आणि दोन वर्षांत पुन्हा तेच. पाणी वाटायचे कसे हे ठरवणारा गावाचा तो कागद तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये बस्त्यात बांधून पडला आहे. गाळ काढणाऱ्या कोणत्याही योजनेने तो उघडून पाहिल्याचे मी ऐकले नाही.

एवढ्या मोठ्या प्रांताचे राजकारणही होतेच. ते मी पटकन सांगतो, कारण ते निदान काही ग्रंथांत सापडते. १९२३ च्या निवडणुकीत स्वराज्य पक्षाला कौन्सिलात स्पष्ट बहुमत मिळाले असा हा एकच प्रांत. इथल्या कौन्सिलाने मंत्र्यांचा पगार वर्षाला दोन रुपये करून द्विदल राज्यपद्धती बंद पाडली. १९३७ मध्ये डॉ. ना. भा. खरे पंतप्रधान झाले, हो, तेव्हा प्रांताच्या प्रमुखालाही पंतप्रधान म्हणत. वर्षभरात मराठी-हिंदी गटांच्या भांडणात आणि पक्षश्रेष्ठींशी झालेल्या संघर्षात त्यांचे पद गेले आणि रविशंकर शुक्ल आले. १९४८ मध्ये या प्रांताने तहसील पातळीवर जनपद सभा सुरू केल्या. खालच्या पातळीवर सत्ता देण्याचा तो देशातला सुरुवातीचा प्रयोग होता. आपल्याकडे पंचायत राज्याचा इतिहास १९६२ च्या जिल्हा परिषदांपासून सांगतात, तेव्हा विदर्भातल्या आधीच्या चौदा वर्षांचे काय झाले हे कुणी विचारत नाही.

१९५० ला प्रांताचे नाव मध्य प्रदेश झाले, राजधानी नागपूरच. १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाने विदर्भाचे वेगळे राज्य सुचवले होते, ते झाले नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला आठ मराठी जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले. राजधानी भोपाळला, उच्च न्यायालय जबलपूरला गेले. सचिवालयाचे दप्तर वाटले गेले, काही भोपाळला, काही नागपूरला. सौंसर, पांढुर्णा, मुलताईकडचे मराठी लोक तिकडेच राहिले.

कायदे मात्र माणसांबरोबर आले. नागपुरातली भाडेकरू-मालकाची भांडणे १९४९ च्या सी. पी. अँड बेरार आदेशाखाली चालत, ती थेट २००० सालापर्यंत. नागपूर महानगरपालिका १९४८ च्या प्रांतिक कायद्याखाली २०१२ पर्यंत होती. नागपूर सुधार प्रन्यास आजही १९३६ च्या कायद्यावर उभा आहे. विदर्भासाठी १९५८ चा कुळकायदा वेगळा. म्हणजे हा प्रांत १९५६ ला संपला हे खरे नाही. तो कायद्यात राहिला, सातबाऱ्यात राहिला, आजीच्या बोलण्यात राहिला. फक्त आपल्या शिकण्यात राहिला नाही.

हे लिहिताना दोन आक्षेप मला समोर दिसतात. पहिला असा की हे वेगळ्या विदर्भाचे रडगाणे आहे. नाही. वेगळे राज्य व्हावे की नको यावर ज्याचे त्याचे मत असू द्या. उद्या वेगळे राज्य झाले तरी हे कागद वाचावेच लागतील, आणि मुंबईतच राहिलो तरी वाचावेच लागतील. उलट मी म्हणतो की ज्यांना संयुक्त महाराष्ट्र मनापासून हवा आहे त्यांनी हा इतिहास आधी वाचावा. भाषा एक म्हणून आपण एकत्र आलो, पण कारभार एक नव्हता.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वसाहतीच्या सरकारचे कागद कशाला कवटाळायचे? ज्या सरकारने जंगले राखीव करून आदिवासींना चोर ठरवले, ज्याच्या राज्यात १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत माणसे रस्त्यावर मेली आणि १९०१ च्या खानेसुमारीत प्रांताची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली, त्या सरकारच्या नोंदी आज गावाच्या बाजूने कशा उभ्या राहतील? नागपूरकडे काही जुनी मंडळी ‘सीपी’च्या शिस्तीच्या, रुंद रस्त्यांच्या, वेळेवर चालणाऱ्या कचेऱ्यांच्या आठवणी गहिवरून काढतात. त्या गहिवरात मी सामील नाही. इंग्रजांविरुद्ध उठलेल्या बाबुराव शेडमाक्यांना १८५८ मध्ये चांद्याला फासावर चढवणारे इंग्रजी राज्य तेच. १९३० मध्ये पुसदला लोकनायक अण्यांनी जंगल सत्याग्रह केला तो याच सरकारच्या वनकायद्याविरुद्ध. मालगुजाराला मालक करून कुळाला त्याच्या दाराशी बसवणारेही तेच.

पण कागद लिहिला सरकारने, हक्क होता गावाचा. सरकारने आपल्या सोयीसाठी गावाच्या वहिवाटी नोंदवल्या, आणि आज त्या वहिवाटीचा दुसरा लेखी पुरावा नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात सामूहिक हक्कांची यादी देताना ‘निस्तार’ हा शब्द तसाच ठेवला आहे, जमीनदारीच्या काळात वापरात असलेल्या हक्कांसह. मध्य प्रांतातल्या खेड्याचा शब्द देशाच्या कायद्यात गेला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये अठराशे हेक्टरांहून अधिक जंगलावर सामूहिक हक्क मिळवला तो याच कायद्याखाली. ते गाव आपले जंगल राखते, बांबू विकते, हिशोब ग्रामसभेत वाचते. जंगल आणि गाव एकमेकांचे वैरी असावेच लागतात, हे मेंढ्याने खोटे पाडले. तेव्हा जुना कागद हा इंग्रजांचा म्हणून टाकून द्यायचा की त्यातला गावाचा वाटा शोधून काढायचा, यात मला संभ्रम नाही.

म्हणून मागण्या साध्या आहेत. पूर्व विदर्भातल्या प्रत्येक गावचे बंदोबस्ताचे कागद, वाजिब-उल-अर्ज आणि निस्तार पत्रक यांची छायाचित्रे काढून ती ग्रामपंचायतीत ठेवा. सातबारा संगणकावर आला, तर हे का नाही? भोपाळ आणि नागपूरच्या दप्तराची एकत्र सूची करा. दोन्ही सरकारांनी मनावर घेतले तर हे काम काही अशक्य नाही. विदर्भात नेमणूक होणाऱ्या तलाठ्याला, वनरक्षकाला, तहसीलदाराला खसरा, निस्तार, वाजिब-उल-अर्ज, झुडपी, ई-क्लास हे शब्द प्रशिक्षणात शिकवा, आणि नुसते शब्द नव्हे, त्यामागची माणसे. शाळेच्या इतिहासात मुंबई इलाख्याच्या शेजारी या प्रांताला आणि मराठवाड्याच्या निजामी कारभाराला पुरेशी पाने द्या. आणि झुडपीच्या निकालानंतर केंद्राकडे जे प्रस्ताव जायचे आहेत, त्यात प्रत्येक जमिनीच्या नोंदीबरोबर तिचे निस्तार पत्रकातले प्रयोजन जोडा. ती जमीन चराईची होती, स्मशानाची होती की आबादीची, हे त्या कागदात लिहिलेले असते, आणि मंजुरी देणाऱ्याने ते वाचूनच ठरवावे.

त्या बाईंसाठी मी तहसीलला दोन खेपा घातल्या. दुसऱ्या खेपेला बस्ता उघडला. आत पिवळी पडलेली पत्रके, मराठीत, पटवाऱ्याच्या गिचमिड्या अक्षरात, मधेमधे हिंदी-फारसी शब्द. गावाचे निस्तार पत्रक सापडले. एका रकान्यात खसरा क्रमांक, दुसऱ्यात क्षेत्र एकरात, तिसऱ्यात प्रयोजन : गुरेचराई, बैलगाडीचा रस्ता, खळवाडी, आबादीकरिता. ‘आबादीकरिता’पुढचा जुना खसरा क्रमांक स्पष्ट आहे. आज त्याचा गट क्रमांक कोणता, हे जुळवून देणारा तक्ता त्या बस्त्यात नव्हता. तो भूमी अभिलेखमध्ये मिळेल असे सांगितले आहे. मी झेरॉक्स काढून बाईंना दिली. त्यांच्या नातवाने ती दारातल्या उजेडात धरून वाचली, ‘आबादीकरिता’वर बोट ठेवले आणि विचारले, “हे आपल्या घराचंच आहे का?”